‘तपासणीत काहीच निघालं नाही, मग पैसे कसले?’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार देऊन जे लिहिलंत ते मी आणि माझ्याकडच्या पोरांनी वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. गणपतीपुळ्याहून परतताना आंबा घाटात आपली गाडी गरम झाली आणि टो करून आमच्याकडे पालीला आणली. आम्ही ती दिवसभर ठेवून घेतली आणि हेड गॅस्केटच्या (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) तपासणीचे ६०० रुपये लावले, पण त्यात काहीच निघालं नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) नुसता काढून टाका म्हटलं तरी आम्ही नवीन बसवला. आणि शेवटी, ‘बाहेरची नंबरप्लेट बघून लुटतात.’ हे वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी आली तेव्हा आपणच सांगितलंत की घाटाखाली एकाने बॉनेट उघडून ‘हेड गॅस्केट गेलं’ असं सांगितलंय. त्याच्या शब्दावर विसंबून आम्ही हेड उतरवलं असतं, तर गॅस्केट, बोल्ट, हेड फेसिंगला (सपाट करून घ्यायला) पाठवणं, मजुरी असं सगळं मिळून बिल कितीतरी हजारांत गेलं असतं आणि आपल्या घरच्यांना दोन-तीन दिवस लॉजवर राहावं लागलं असतं. ते टाळायलाच ही तपासणी असते. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, तिच्यात निळा द्रव असतो. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो. आपल्या गाडीत तो शेवटपर्यंत निळाच राहिला, आणि आपण शेजारीच उभे होतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. म्हणजे गॅस्केट शाबूत आहे, हे त्या ६०० रुपयांत निघालं. तपासणी करण्याआधी तिचा आकडा जॉब कार्डावर लिहून आपली सही घेतली होती.

‘पोरं चहा पीत बसली होती’ असंही आपण लिहिलंय. प्यायली, कारण तेवढा वेळ इंजिन निवायची वाट बघत होतो. पाणी १०० अंशांवर उकळतं, पण बंद रेडिएटरमध्ये १.१ बार दाब असला की ते १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. अशा वेळी रेडिएटरची कॅप, म्हणजे झाकण, फिरवली की दाब एकदम सुटतो आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. भाजलेले हात मी पाहिलेत. माझ्या गॅरेजात गरम इंजिनाची कॅप कुणीही उघडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. घाटात गरम इंजिनात पऱ्याचं (ओढ्याचं) गार पाणी ओतायला निघालेल्या माणसाला आपण थांबवलंत, हे फार चांगलं केलंत. त्याने अॅल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो.

आता बिघाडाबद्दल. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर आणि चढाला लागल्यावर वर, असं आपण सांगितलंत. ही फार कामाची माहिती होती. फॅन बंद असता तर गाडी उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापली असती. फॅन नीट चालत होता, म्हणून त्याला हातही लावला नाही. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हात लावू देत नव्हता, खालचा कोमट. पाणी फिरत नव्हतं. रेडिएटर रिकामा केला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारा आणि गंज धरू न देणारा द्रव) नव्हे, गंजाचं लालसर पाणी निघालं. कुणीतरी बराच काळ नुसतं साधं पाणी भरत आलंय. आमच्या किनाऱ्यालगतच्या विहिरींना मचूळ पाणी असतं, ते तर इंजिनात अजिबात जाऊ नये.

थर्मोस्टॅट काढून आपल्यासमोर स्टोव्हवर पातेल्यात टाकला. त्यावर ८२ कोरलेलं आहे, म्हणजे ८२ अंशांना उघडायला सुरुवात व्हायला हवी. पाणी खळखळून उकळायला लागलं तरी नखाएवढीच फट पडली. कडेला गंज धरून तो अडकला होता. कॅपही पंप लावल्यावर अर्ध्या दाबालाच सोडत होती. दोन्ही बदलली. थर्मोस्टॅट रत्नागिरीहून येईपर्यंत दुपार झाली.

तो नुसता काढून टाकायची रीत जुनी आहे आणि आजही पुष्कळजण तसं करतात. मी करत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन उबेला यायला फार वेळ लागतो. ते गारच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं, कार्बन धरतो. आपली गाडी त्या दिवशी तशीही घरी पोचली असती, पण पुढची दोन वर्षं इंजिन झिजत राहिलं असतं. माझ्या हातून गेलेल्या गाडीत मला ते नको होतं.

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये लाल माती आणि गवताचा लगदा बसला होता. जाळी वाकू नये म्हणून तो कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुतला. याची मजुरी बिलात नाही. मग नवीन कूलंट भरून, पुढची बाजू उंच करून, हीटर पूर्ण लावून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. यात घाई केली तर हवा आत अडकून राहते आणि गाडी पुढच्याच चढाला परत तापते. शेवटी एसी लावून चढाच्या रस्त्याला फिरवून आणली, तेव्हा कुठे किल्ली आपल्या हातात दिली.

पुण्यातल्या मेकॅनिकने ‘काही गरज नव्हती’ असं सांगितलं म्हणता. जुना थर्मोस्टॅट आणि कॅप डिकीत उजव्या बाजूला पिशवीत आहेत. तो थर्मोस्टॅट त्यांना उकळत्या पाण्यात टाकून बघायला सांगा आणि मग मला फोन करायला सांगा. नंबर बिलावर आहे. मी त्यांच्याशी आनंदाने बोलेन.

एक गोष्ट त्या दिवशी घाईत आपल्याला सांगितली होती, पण लक्षात राहिली नसेल म्हणून परत लिहितो. रेडिएटरच्या खालच्या बाजूची जाळी खाऱ्या हवेने खाल्ली आहे, बोटाने चुरा होतो. आज तो गळत नाही, म्हणून बदलायला सांगितलं नाही. पण उन्हाळ्याआधी एकदा तपासून घ्या. कूलंटची पातळी सकाळी गार इंजिनावर बघा. कमी वाटली तर बाटलीवर लिहिलेला प्रकार जुळवून तोच भरा, नुसत्या रंगावर जाऊ नका. आणि चढाला काटा परत मध्याच्या वर सरकला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या.