दाराबाहेरची पायताणं

आज सकाळी रंकाळ्यावर जे ऐकले, त्यामुळे दिवसभर मन थाऱ्यावर नाही. गेल्या आठवड्यात उपनगरात एका वृद्ध बाईंचा दागिन्यांसाठी खून झाला. त्यांच्या घरी रंगकामाला येणाऱ्या एका तरुणाला पोलिसांनी संशयित म्हणून पकडले. त्याला वकील करण्याची ऐपत नसल्यामुळे लोकअभिरक्षक कार्यालयातर्फे जी तरुण वकील त्याच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली, ती आमच्या फिरणाऱ्यांच्या गटातील एका मैत्रिणीची मुलगी आहे. त्या मैत्रिणीला आज सर्वांसमोर सांगण्यात आले की मुलीला समजवा, असल्या नराधमाची बाजू मांडणे शोभत नाही. ती एक शब्दही बोलली नाही. तिने शाल सावरली आणि ती एकटीच संध्यामठाच्या दिशेने निघून गेली. मीही त्या वेळी गप्प बसले, आणि त्याची मला लाज वाटते आहे.

तिच्या पाठीमागे एक गृहस्थ म्हणाले, "पोलीस उगाच कशाला कुणाला धरतील?" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले ते १९८१ साली, मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात, माझ्या वडिलांविषयी.

आबा शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त होऊन हंगाम नुकताच सुरू झाला होता, आणि एका संध्याकाळी गल्ल्यातील अकरा हजार रुपये नाहीसे झाले. आबांना 'जरा चौकशी आहे' म्हणून पोलीस ठाण्यात नेण्यात आले. तिसऱ्या दिवशी दुपारी आईने मला डबा घेऊन पाठवले. मी तेरा वर्षांची होते. दारावरच्या शिपायाने सांगितले की या नावाचा कोणीही माणूस येथे नाही. मी परत फिरले, आणि पायरीच्या कडेला मला आबांची पायताणं दिसली. डाव्या पायताणाचा अंगठा तुटला होता आणि तो आईने लाल दोऱ्याने शिवून दिला होता, त्यामुळे ओळखण्यात चूक होणे शक्यच नव्हते. माणूस नाही असे सांगत होते, आणि त्याची पायताणं माझ्यासमोर होती.

आमच्या बोळाच्या तोंडाशी एक वकील राहत असत. ते 'चोरांचे वकील' म्हणून ओळखले जात आणि त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जाताना बायका दोनदा विचार करत. मी डबा तसाच घेऊन त्यांच्याकडे गेले आणि पायताणांची हकिकत सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, "परवा किती वाजता नेले?" मग ते कोट चढवून निघाले. ठाण्यात ते भांडले नाहीत, ओरडले नाहीत. अटक कधी दाखवली आहे आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर का उभे केले नाही, हे दोनच प्रश्न त्यांनी विचारले, असे आबा पुढे आयुष्यभर सांगत. त्या संध्याकाळी आबांना न्यायालयात नेण्यात आले. त्यांना बसता येत नव्हते.

हा चोवीस तासांचा नियम कुणा वकिलाची पळवाट नाही. तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. अटकेचे कारण कळण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्कही त्याच अनुच्छेदात आहे. ज्यांनी घटना लिहिली त्यांच्यापैकी कितीतरी जण इंग्रजांच्या तुरुंगात राहून आले होते, आणि बंद दाराआड काय चालते हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. गरिबाला वकील मोफत मिळावा ही तरतूद मात्र १९७६ च्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९अ म्हणून आली, आणि आज माझ्या मैत्रिणीची मुलगी जे काम करते ते त्याच तरतुदीचे फळ आहे. ती आरोपीच्या घरचे पैसे घेत नाही. तिला नेमले आहे ते तुमच्याआमच्या व्यवस्थेने.

सकाळी मला असेही ऐकवण्यात आले की 'त्याने तर कबुली दिली आहे'. मला येथे राग आवरत नाही. माझ्या आबांनीही कबुली दिली होती! दुसऱ्या रात्री, तळपायांवर मार खाल्ल्यानंतर, अकरा हजार रुपये आपणच घेतले असे लिहिलेल्या कागदावर त्यांनी मोडीत सही केली होती. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम चक्क इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला होता, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कलम २३ मध्ये जसाच्या तसा आहे. परक्या राज्यकर्त्यांनासुद्धा आपल्या पोलिसांवर जेवढा विश्वास ठेवता आला नाही, तेवढा आपण एका फॉरवर्ड केलेल्या बातमीवर ठेवतो.

त्या वृद्ध बाईंच्या मुलांचे दुःख मी समजू शकते. आईच्या गळ्यातले ओरबाडून नेणाऱ्याला वकील मिळतो हे पाहून त्यांच्या काळजाला घरे पडत असतील, आणि त्यांच्यासमोर मी हे सगळे बोलू शकणार नाही. ते काय वाटेल ते बोलोत, त्यांना तो अधिकार आहे. पण खरा मारेकरी मोकळा फिरत असेल आणि भलताच कोणी कळंब्याच्या तुरुंगात सडत असेल, तर त्या माउलीला कोणता न्याय मिळाला?

हे केवळ कल्पनेतले नाही. आपल्याच महाराष्ट्रात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीच द्यावी असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता, आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये त्या सहाही जणांना निर्दोष ठरवले. घटनेतून बचावलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडील छायाचित्रांवरून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. तोपर्यंत त्या सहा जणांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. फाशी कायम झाल्यानंतरही कागद उलगडत राहणारे वकील त्यांना लाभले, म्हणून ते आज जिवंत आहेत. आणि मुंबई हल्ल्याच्या खटल्याचे उदाहरण सकाळी कुणीतरी दिलेच. कसाबला वकील दिला म्हणून त्याची फाशी टळली नाही. पण त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते आणि ते तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले, हे किती जणांना ठाऊक आहे?

काही वकील तारखांवर तारखा घेतात, पीडितेला साक्षीच्या वेळी नको ते प्रश्न विचारतात, हे मला मान्य आहे. त्यांचा मला तुमच्याइतकाच राग येतो.

पण माझे सगळ्यांत मोठे दुःख आपल्या गावाविषयी आहे. पानसरे अण्णांवर २०१५ च्या फेब्रुवारीत गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आपण सगळे रडलो, मीही त्या गर्दीत होते. पुढे संशयिताला अटक झाली, तेव्हा येथील वकिलांनी त्याचे वकीलपत्र न घेण्याचे ठरवले आणि मला त्या वेळी ते योग्यच वाटले होते. आज तसे वाटत नाही. अण्णा स्वतः वकील होते आणि ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांच्यासाठी न्यायालयात उभे राहण्यात त्यांची हयात गेली. असले ठराव रद्दबातल आणि वकिली व्यवसायाच्या नीतीला सोडून आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, २०१० मध्ये, बजावले होते.

आणि शाहू महाराजांच्या नावाने आपण छाती फुगवतो, त्या महाराजांनी काय केले? जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जातींना रोज द्यावी लागणारी हजेरी त्यांनी १९१८ मध्ये बंद केली. त्या माणसांना धरताना पुरावा लागतच नसे, जात पुरत असे. पुढे त्यांनी अस्पृश्य समाजातील माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. सर्किट बेंच कोल्हापुरात यावे म्हणून आपण चाळीसहून अधिक वर्षे लढलो, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू झाले तेव्हा पेढे वाटले. न्याय दारात आला असे आपण म्हणालो. तो काय फक्त फिर्यादीच्याच दारात यायचा होता?

आबा अखेर सुटले. पैसे मालकाच्या घरातच निघाले, मालकाने माफीही मागितली नाही, आणि खटला संपायला साडेतीन वर्षे लागली. वकीलसाहेबांनी वकीलपत्रावरच्या तिकिटाचे पैसे तेवढे आईकडून घेतले. बोळातल्या ज्या लोकांनी 'पोलीस उगाच कशाला धरतील' असे म्हटले होते, त्यांनी पुढे 'आम्हाला खात्रीच होती' असेही म्हटले. आबांनी ती पायताणं पुन्हा कधीही पायात घातली नाहीत, पण आईला टाकूही दिली नाहीत.

त्या रंगकाम करणाऱ्या मुलाने खून केला आहे की नाही, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. त्याच्या आईने ठाण्याच्या पायरीवर काय पाहिले असेल, याचा मात्र मी दुपारपासून विचार करते आहे.

संध्याकाळी मी मैत्रिणीच्या मुलीला फोन केला. सकाळी गप्प राहिल्याबद्दल तिच्या आईची माफी मागायची आहे, असे म्हणाले. ती म्हणाली, "मावशी, आई झोपली आहे, उद्या बोला. मला पण उद्या परत रिमांडला उभे राहायचे आहे, पंचनामा अजून वाचायचा राहिला आहे." आणि तिने फोन ठेवला.