काठ आणि खुर्ची

उंची वस्त्रे आणि आधुनिक फर्निचर यांचे एकत्रित प्रदर्शन इंदुरातल्या एका शोरूममध्ये भरले असून ते पाहायला आपल्याला जायचेच आहे, असे आत्याने जाहीर केले, तेव्हा माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनी एवढाच हिशेब केला की जिथे फर्निचर आहे तिथे निदान बसायला तरी मिळेल.

आत शिरताच जी पहिली खुर्ची दिसली तिच्यात मी टेकणार, तोच एका तरुणाने धावत येऊन अत्यंत अदबशीर हिंदीत सांगितले की ती फक्त पाहण्यासाठी आहे. दुसरी खुर्ची नव्हतीच, ते टेबल होते. आणि ज्या वाकड्या ओंडक्याला शिल्प समजून मी जाणकारासारखी मान डोलावत होतो, त्याच्यावर थोड्या वेळाने एक बाई येऊन निवांत बसल्या आणि फोनवर भाजीचे भाव सांगू लागल्या.

वास्तविक आधुनिक खुर्चीपुढे इंदूरकराने बुजण्याचे कारण नाही. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग महाल उभारून घेतला, तेव्हा युरोपातही नवलाईच्या ठरलेल्या खुर्च्या इथे येऊन दाखल झाल्या होत्या. त्यातले बरेचसे सामान १९८० मध्ये मोनाकोच्या लिलावात गेले आणि महालात केंद्रीय करखात्याचे कार्यालय आले. म्हणजे खुर्चीत बसताना वाटणारी धाकधूक तेवढी तिथे अजून जपलेली असावी.

आत्या मात्र कशालाच बुजत नव्हती. महेश्वरी साडीचे कापड चढवलेल्या एका आरामखुर्चीपुढे ती थबकली, ताणा रेशमाचा आणि बाणा सुती असल्याची बोटांनीच खात्री करून घेतली, आणि मग पंचाहत्तराव्या वर्षी शोभणार नाही इतक्या चपळाईने वाकून खुर्चीच्या खाली पाहू लागली. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणतात, हेच तर त्या साडीचे कौतुक. "अरे, हिची एक बाजू यांनी फोमला नेसवली की!" खुर्चीखालून आवाज आला.

"आत्या, वर ये. लोक बघताहेत."

"बघू देत. प्रदर्शनच आहे ना?"

ती वर आली ती थेट शेजारच्या सोफ्याकडे वळली. त्याच्यावर एक अखंड साडी, पदरावरचे तीन रंगीत आणि दोन पांढरे पट्टे नेमके दिसतील अशा बेताने, जणू सहजच पडली आहे अशी मांडली होती. (ते सहजपण साधायला दोन तास लागले होते, असे त्या तरुणाने मला नंतर सांगितले.) आत्याने तिचा काठ उलटून पाहिला, तिचे पाहून ओंडक्यावरच्या बाईंनी फोन ठेवून पदर उलटला, आणि मग साडी म्हटल्यावर हात न लावता राहणे ज्यांना जमत नाही अशा आणखी चार-पाच जणींनी मिळून ती पुरती घडीमोड करून टाकली.

तरुण फोटो हातात घेऊन साडी पूर्ववत मांडू लागला. त्याने ती एकदा अंथरली, पालटली, पुन्हा पालटली, आणि अखेर घाम पुसत आत्यापुढे येऊन उभा राहिला. "आंटीजी, इसमें सीधी साइड कौन-सी है?"

आत्याने साडी हातात घेतली, चष्मा वर सरकवला, दोन्ही अंगे निरखून पाहिली आणि म्हणाली, "दोनों."