सुमनताईंना त्यांच्या नावाने ऐका

सुमन कल्याणपूर यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आवाज अगदी लताबाईंसारखा!" कौतुकानेच म्हणतात, पण मला ते आता ऐकवत नाही. एवढ्या मोठ्या गायिकेची सगळी ओळख 'प्रति-लता' या एका शिक्क्यावर उरकायची?

साम्य होतं, नाकारत नाही. १९५९ च्या 'चाँद'मध्ये दोघी एकत्र गायल्या आहेत, 'कभी आज कभी कल कभी परसों'. कोणती ओळ कुणाची, हे कळायला कान टवकारावे लागतात. पुढे रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेबांचं बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत आणि रफींसोबतची बरीच द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली, हेही खरं. पण 'तुमने पुकारा और हम चले आए' किंवा 'ना ना करते' आजही लोकांच्या ओठांवर आहेत, ती काय त्या भांडणामुळे?

संगीतकार खय्याम यांचं 'ठहरिए होश में आ लूँ' पुन्हा ऐका. रफी आर्जवं करतायत आणि सुमनताई बराच वेळ नुसत्या 'उंहूं' म्हणतात. त्या एवढ्याशा नकारात लाज आहे, लाडीगोडी आहे, होकारही आहे. हे नकलेतून येत नाही हो!

जन्म १९३७ चा, ढाक्याचा. घराणं कर्नाटकातल्या हेम्माडीचं. १९४३ मध्ये कुटुंब मुंबईत आलं. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकणाऱ्या या मुलीला संगीतकार केशवराव भोळ्यांनी गाणं शिकवलं. आणि मग तिचं मराठी ऐका! 'केतकीच्या बनी', 'नाविका रे': अशोकजी परांजपे यांचे शब्द, अशोक पत्की यांची चाल. एकही अक्षर दाबलेलं नाही, सुरांची एकही नक्षी नुसती दाखवण्यासाठी घेतलेली नाही. 'निंबोणीच्या झाडामागे'मध्ये तर आवाज इतका हलका ठेवलाय, की मांडीवरचं मूल खरंच दचकू नये. माझ्या मते मराठी भावगीताला असा निगर्वी आवाज दुसरा मिळाला नाही.

पद्मभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये, वयाची ८६ वर्षं पूर्ण होताना. फार उशीर केला आपण. निदान यूट्यूबवर त्यांची गाणी टाकताना गायिकेच्या जागी लताबाईंचं नाव लिहू नका. कुठे तसं दिसलं तर खाली कमेंटमध्ये दुरुस्त करा, मीही करते.