गाडीच्या फोटोला ना कडक ऊन लागतं, ना कासचा सडा

दसरा-पाडव्याला दारात नव्या गाड्या येतात आणि पाठोपाठ तोच सल्ला ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. साताऱ्यातल्या गाडीवाल्यांना तो पाठ झालाय. भारी फोटो हवा तर जास्त मेगापिक्सेलचा मोबाईल घ्या, ऊन चांगलं तापलं की गाडी बाहेर काढा, जवळ उभं राहून ०.५ वर, म्हणजे मोबाईलच्या सगळ्यात रुंद लेन्सवर, अख्खी गाडी बसवा, कास नाहीतर चाळकेवाडीचं पठार (सडा म्हणतात तो हाच) गाठून गाडी थेट गवतात घाला, वरून पाणी मारा आणि उरलेलं फिल्टरवर सोडा.

यातलं मला काहीच पटत नाही. पठाराच्या सल्ल्याने तर खरोखरीचं नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक, गुळगुळीत थर असतो, त्यामुळे गाडी म्हणजे एक मोठा, वळणावळणाचा आरसा. फोटोत दाराच्या रंगापेक्षा दारासमोर काय आहे तेच जास्त उमटतं. पोवई नाक्याच्या आसपास लावलेली एखादी काळी गाडी नीट बघा. विजेचा खांब दारावर कमरेत वाकलेला, तारा बॉनेटवरून आडव्या गेलेल्या, समोरच्या दुकानाच्या पाटीचा पिवळा पट्टा मागच्या दारापर्यंत ताणलेला आणि मधोमध हात वर करून मोबाईल धरलेले आपण. तीच गाडी मोकळ्या मैदानात न्या, तिच्यासमोर नुसतं आभाळ ठेवा. दाराची कड, चाकावरचा फुगवटा, हेडलॅम्पपासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली रेघ, सगळं उठून दिसतं. गाडी तीच, मोबाईल तोच. म्हणून फोटो काढायच्या जागी आधी बसा आणि मिनिटभर फक्त दाराकडे बघा. दारावर जे नको ते दिसत असेल तर गाडी थोडी तिरकी करा किंवा चार हात पुढे घ्या. लोक गाडीच्या मागे काय आहे ते शोधत फिरतात. त्याआधी आपल्या पाठीमागे काय आहे ते बघायला हवं.

आता कडक उन्हाचा मुद्दा. प्रकाश जास्त तेवढा फोटो चांगला, हा समज आला कुठून ते कळतं, कारण अंधारात मोबाईलचा फोटो दाणेदार येतो. पण भर दुपारी उजेड नको तिथे पडतो. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो; आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो हाच. अशा वेळी, साडेबाराच्या पुढेमागे, टप आणि बॉनेट पांढरे फटक पडतात, दारं सावळी दिसतात आणि चाकं तर मडगार्डच्या काळोखात गडप होतात. पांढऱ्या गाडीचं बॉनेट एकदा जळालं की एडिटिंगमध्येही परत येत नाही, कारण तिथे माहितीच नोंदलेली नसते. डिसेंबरात सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे थंडीतलं सकाळचं कोवळं ऊन चालून जातं. मे महिन्यात सकाळी दहाचं ऊनही नको.

खरी वेळ सूर्य गेल्यानंतरची. आपल्या शहराला इथे एक वरदान आहे. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर असल्यामुळे सूर्य क्षितिजावर पोचायच्या आधीच डोंगराआड जातो. गावावर सावली पडते, पण आभाळ अजून उजळ असतं. तेवढ्या वेळात गाडीची लांब बाजू पश्चिमेकडे करून लावा आणि आपण पश्चिमेकडे पाठ करून उभे राहा. उजळलेलं आभाळ दारावर वरच्या अंगाला उतरतं, डोंगराची काळी कड खालच्या अंगाला, आणि दोन्हींच्या मधली रेघ दोन्ही दारांवरून सलग धावते. तिने गाडीला जो आकार येतो तो दुपारच्या उन्हात कधीच येत नाही. पार्किंग लाइट लावा, हाय बीम नको. कपडे गडद घाला, म्हणजे दारात आपण दिसणार नाही. हा उजेड फार टिकत नाही, तेव्हा जागा आणि कोन आधीच ठरवून ठेवा.

पावसाळ्याबद्दलही एक सांगायला हवं. ढगाळ दिवशी फोटो येत नाहीत म्हणून लोक गाडी झाकून ठेवतात. प्रत्यक्षात ढगांनी भरलेलं आभाळ गाडीवर सगळीकडून सारखा, मऊ उजेड टाकतं. त्यात ओला डांबरी रस्ता असेल तर गाडीखालीही तिचं प्रतिबिंब मिळतं. साताऱ्यात जून ते सप्टेंबर हे गाडीच्या फोटोंचे सर्वात चांगले महिने आहेत, असं माझं ठाम मत आहे.

मेगापिक्सेलवर फार बोलण्यासारखं नाही. १०८ मेगापिक्सेलचा मोबाईल एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा तो फोटो साधारण १३ बाय १० इंचांवर स्वच्छ छापून येतो. ग्रुपवर टाकताना तो आणखी दाबला जातो, ते वेगळंच. पैसे घालायचेच असतील तर मोबाईलला लागणाऱ्या छोट्या पोलरायझर फिल्टरवर घाला. तो फिरवला की काचेवरची आणि रंगावरची चकाकी कमी-जास्त होते. समोरची काच साफ होऊन आतल्या सीट दिसायला लागतात. फिल्टर नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच कॅमेऱ्यासमोर धरून फिरवा, फरक लगेच कळेल. क्रोमच्या पट्ट्यांवर मात्र याचा परिणाम होत नाही. चकाकी पूर्ण मारूही नका, गाडी निर्जीव दिसते आणि मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटते.

जवळ जाऊन ०.५ वर काढण्याने काय होतं ते तर घरबसल्या तपासता येतं. ०.५ ची लेन्स मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशोबात साधारण १३ ते १६ मिलिमीटरच्या तोडीची असते. तेवढं रुंद दिसतं म्हणून माणूस बंपरला चिकटून उभा राहतो आणि जवळचा हेडलॅम्प फुगतो, मागचं चाक आक्रसतं. हा दोष अंतराचा आहे. आठ-दहा मीटर मागे या आणि २ एक्स झूमवर काढा, गाडी डोळ्यांना दिसते तशी प्रमाणात येते. मोबाईल हेडलॅम्पच्या उंचीवर धरा, त्यासाठी बसावं लागेल. उभ्याने काढलेल्या फोटोत टपच जास्त दिसतो आणि छोटी गाडी दबून जाते. पुढून तिरका फोटो घेताना स्टेअरिंग कॅमेऱ्याच्या उलट दिशेला फिरवून ठेवा, म्हणजे टायरचे खाचे न दिसता अलॉय दिसतो.

आणि आता पठार. या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ते नुसतं गवताळ मैदान नाही. खाली जांभ्याचा सलग कातळ आणि वर मातीचा पातळसा थर, काही ठिकाणी बोटभरही नाही. तेवढ्याशा मातीत पावसाळ्यात गेंद, तेरडा, कवला, सीतेची आसवं उगवतात. सीतेची आसवं वाकून बघावी लागतात इतकी छोटी असतात. निळसर-जांभळं फूल वर डुलतं आणि खाली ओल्या मातीत त्याच वनस्पतीच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडत असतात. यातल्या बऱ्याच वनस्पती एका हंगामापुरत्या. फुलल्या, बी टाकलं, संपल्या. पुढच्या वर्षीचा बहर त्या मातीत पडलेल्या बियांवरच अवलंबून असतो. टनभराहून जड गाडीचं चाक त्यावरून गेलं की माती दबते, पाणी मुरायचं तिथून वाहायला लागतं आणि चाकोरीत पुढे काही धड उगवत नाही. फुलं नसताना, जानेवारी-फेब्रुवारीत, सडा उजाड दिसतो म्हणून गाडी घालायला हरकत नाही असं कुणी म्हणतं. तेव्हा तर सगळं बी मातीतच असतं.

बरं, फोटोसाठी याची गरज तरी आहे का? गाडी फुलांत उभी केली की चाकं निम्मी झाकतात आणि दारांवर गवताची हिरवट झाक येते. उलट चाळकेवाडीच्या बाजूला डांबरी रस्त्यालगत जिथे गाडी सुरक्षित लावता येते तिथे लावा, आपण रस्त्याच्या कडेकडेने लांब मागे जा आणि ३ एक्सवर फोटो घ्या. मागच्या पवनचक्क्या गाडीच्या अगदी जवळ आल्यासारख्या, मोठ्या दिसतात. कारण तेच: अंतर वाढवून झूम केलं की गाडी आहे तेवढी राहते आणि मागचं दृश्य पुढे येतं. सड्यावर पाऊलही न टाकता सडा फोटोत येतो. घाटातल्या वळणावर मात्र यासाठीही थांबू नका, मग तो यवतेश्वरचा घाट असो, पसरणीचा की खंबाटकीचा. मागून येणाऱ्याला तुम्ही वळण संपेपर्यंत दिसत नाही.

गावातच काढायचा असेल तर सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतली एखादी लांबलचक, एकरंगी भिंत पुरते. अजिंक्यतारा मागे हवा असेल तर शहराच्या उत्तरेकडच्या मोकळ्या जागेवरून, पुन्हा लांबूनच, तो गाडीमागे बसवता येतो.

पाणी मारण्याचं थोडक्यात. थेंबांनी प्रतिबिंब तुटतं आणि गाडीचा आकार हरवतो. बोअरचं जड पाणी उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात, ते काढताना पॉलिश घासावं लागतं. मऊ कापडाने धूळ पुसलेली कोरडी गाडी कधीही चांगली.

राहिला एडिटिंगचा फिल्टर. हल्ली मोबाईलमध्ये मागचं दृश्य बदलून मिळतं, म्हणून पेट्रोल पंपावरच्या गाडीमागे लोक फुलांचं पठार लावतात. दारावर मात्र पंपाचं छत आणि ट्यूबलाइटच्या रांगा तशाच राहतात, आणि नजर तिथे अडकतेच. उजेड थोडा कमी करणं, तिरकी आलेली जमीन सरळ करणं, रंग खऱ्या गाडीशी जुळवणं एवढं एडिटिंग पुरे. गाडी विकायला काढली असेल तर तेवढंही जपून करा. ओरखडा, पोचा आणि झिजलेला टायर यांचे वेगळे फोटो जवळून, तिरक्या उजेडात घ्या आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटोही जोडा. कराडहून किंवा सांगलीहून गाडी बघायला येणाऱ्या माणसाचा दिवस मोडतो, पेट्रोल जळतं. फिल्टरने झाकलेला पोचा त्याला गाडीजवळ आल्यावर दिसणारच आहे, आणि मग ठरलेल्या किमतीवरही त्याचा विश्वास राहत नाही.