मशीनला पैसे आहेत, मावशींना नाहीत

आज दुपारी एका कंपनीच्या फाउंडेशनमधून फोन आला. चार महिने ज्या प्रपोजलची वाट बघत होतो, त्याबद्दल. "मॅडम, काम खूप छान आहे तुमचं, कमिटीला आवडलंय. फक्त बजेटमधला मानधनाचा हेड तेवढा काढा आणि ते पैसे इक्विपमेंटमध्ये टाका. म्हणजे मी लगेच पुढे पाठवते." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय. कुणाशी तरी बोलल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

आमची संस्था किती लहान आहे ते तुम्हाला माहीत आहे. डोंगरातल्या अकरा वाड्या आणि तिथं घरोघर फिरणाऱ्या चार मावशी. गरोदर बायका, बाळंतिणी, तान्ही बाळं, बीपी-शुगरची म्हातारी माणसं, एवढंच आमचं काम. मावशींना महिना 6,000 रुपये मानधन, म्हणजे चौघींचं वर्षाचं 2 लाख 88 हजार. बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे, आणि असणारच. तो काढला तर मागे राहतं काय? चार पिशव्या आणि चार मशीन.

मशीनची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीनं आम्हाला बीपीची मशीन दिली. आमच्या चार मावशींना चार, आणि शेजारच्या दोन ग्रामपंचायतींना एकेक. कार्यक्रम झाला, फीत कापली, फोटो निघाले. मानधनासाठी एक रुपया मिळाला नाही, ते आम्ही वर्गणी काढून भागवलं. त्या दोन ग्रामपंचायतींपैकी एकीत मी मागच्या महिन्यात गेले होते. मशीन कपाटात होतं. पट्ट्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ग्रामसेवक म्हणाले, "ताई, वापरणार कोण?" त्यांचा काय दोष?

आणि आमच्या वरच्या वाडीच्या मावशींचं मशीन बघा. पट्ट्याचं वेल्क्रो झिजून निघालं होतं, ते त्यांनी काळ्या दोऱ्यानं शिवून घेतलंय. टाके इतके बारीक की मी आधी बघितलं तेव्हा कंपनीचीच शिलाई वाटली. मशीन पावसात भिजू नये म्हणून पोळ्यांच्या डब्यात ठेवतात.

गेल्या श्रावणात याच मावशी एका घरी आजीचं बीपी बघायला गेल्या होत्या. घरात आजीची नात होती, पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला, आदल्याच दिवशी माहेरी आलेली. तिचं नाव तिच्या सासरच्या गावच्या आशाताईंच्या यादीत. इथल्या आशाताईंना ती आल्याचं अजून कळलेलं नव्हतं. मावशी आजीसाठी गेल्या होत्या, पण पोरीच्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडला, तो भरेना. डोकं दुखतंय का विचारलं, तर पोरगी म्हणाली, "काल एसटीत लागलं असेल, झोपले की जाईल." मावशींनी पट्टा बांधला. 170 वर 110. त्यांनी तिला शांत बसवलं, पंधरा मिनिटं थांबल्या, पुन्हा बघितलं. बीपी तेवढंच. मग कुणाचंही न ऐकता 108 ला फोन केला, आणि गाडी वाडीपर्यंत येत नाही म्हणून पोरीला खुर्चीत बसवून चौघांकडून खाली सडकेपर्यंत आणवलं. स्वतः गाडीत बसून गेल्या. पोरगी आणि बाळ दोघंही आज आहेत.

ते बीपी मशीननं मोजलं, मान्य. पण पायांकडे बघितलं कुणी? पंधरा मिनिटं थांबलं कुणी? आणि तो माणूस तुम्ही बजेटमधून काढायला सांगताय!

मी फोनवर विचारलं होतं, मानधन का नको? उत्तर आलं, "आमच्याकडे ॲडमिन कॉस्टला 5 टक्क्यांच्या वर परवानगी नाही, सीएसआरचा रूल आहे." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ आहे. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च. म्हणून एकदा त्याचा नियमच काढून वाचला होता. 5 टक्क्यांची ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभाराला आहे. कंपनी सीएसआरचं खातं चालवायला जो खर्च करते, तो तिच्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. प्रकल्प आखणं, प्रत्यक्ष राबवणं, त्याची देखरेख आणि मूल्यमापन, यांवरचा थेट खर्च त्यात धरायचा नाही असं व्याख्येतच लिहिलंय. घरोघर फिरून बीपी बघणारी बाई हा प्रकल्प राबवण्याचा खर्च नसेल तर दुसरा कुठला असेल? कायद्यानं अडवलेलं नाही. कायद्याचं नाव सांगून अडवलं जातंय, आणि आमच्यासारख्या लहान संस्था मान डोलावून हेड काढून टाकतात, कारण वाद घातला तर पुढच्या वर्षी फोनच येणार नाही ही भीती असते. मीही दोनदा काढलाय. त्याची मला आज लाज वाटतेय.

बरं, आमच्याकडून कागद किती मागतात! धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, 2021 पासून सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-1 चा नंबर, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव. तेही सगळं दिलं. एकेका कागदासाठी तालुक्याहून जिल्ह्याला खेपा घातल्या. हिशेब मागण्याला माझी हरकत नाही. संस्थेच्या नावावर पैसे खाणारे लोक आहेत, मी स्वतः पाहिलेत, त्यामुळे तपासायलाच हवं. पण सगळं तपासून झाल्यावरही विश्वास फक्त वस्तूवर ठेवायचा? मशीनचं बिल दाखवता येतं तसं मानधनाचं बँक स्टेटमेंटही दाखवता येतं. आमच्या चारही मावशींची खाती आहेत.

आणि मार्च. दर वर्षी फेब्रुवारी संपत आला की कुठून तरी फोन येतो, "31 मार्चच्या आत एवढे खर्च करू शकाल का?" तीस दिवसांत आरोग्य कसं करायचं, सांगा मला. गरोदरपण नऊ महिन्यांचं असतं. बीपीची गोळी एकदा लागली की बहुतेकांना जन्मभर लागते. तीस दिवसांत होते ती फक्त खरेदी. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे कंपनीनं वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरायची सोय कायद्यात आहे. पण ती कोण वापरणार, त्यासाठी आधी तीन वर्षांचा विचार करावा लागतो ना.

थोडं शांत होऊन लिहिते. आज फोन करणारी मुलगी वाईट नाही. पंचविशीची असेल. मी गप्प झाले तेव्हा तीच हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मला पटतंय. मी फील्डवर येऊन गेलेय ना. पण वर समजावणं अवघड जातं." ती खरंच आली होती. वरच्या वाडीपर्यंत चढली, मावशींबरोबर तीन घरं फिरली, तिथं बसून जेवली. निघताना मावशींचा हात हातात घेऊन बराच वेळ उभी होती. तिच्यावर माझा राग नाही. पण तिनं वर जाऊन एकदा तरी भांडावं असं मला मनापासून वाटतं. तिनं ते हात पाहिलेत.

महाराष्ट्रात हे सांगावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्यानं 1970 साली काम सुरू केलं ते कशाच्या जोरावर? गावातल्याच बायकांच्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्यांनी बाळंतपणं, कुपोषण, कुष्ठरोग सगळं शिकून घेतलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्याचा निष्कर्ष 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, सगळ्या जगानं वाचला. दोन्हीकडे गुंतवणूक माणसात केली होती. आणि पन्नास वर्षांनी आम्हाला सांगतात, माणूस काढा.

त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतोच, "निधी संपल्यावर प्रकल्प शाश्वत कसा राहील?" मी प्रत्येक वेळी काहीतरी लिहिते. लोकसहभाग, ग्रामपंचायतीशी समन्वय, असलं. खरं उत्तर आज इथे लिहिते. निधी संपला तरी मावशी जातात. मागच्या वर्षी तीन महिने मानधन थकलं होतं. मी चार वेळा मनाशी शब्द जुळवले आणि शेवटी सांगायला गेले. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला कळलं होतं ताई. तुमच्या तोंडावरून." त्या तीन महिन्यांत त्यांच्या वहीत एकही खाडा नाही. सकाळी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायच्या आणि दुपारनंतर वाडीत. प्रकल्प शाश्वत राहतो तो असा, एका बाईच्या अंगावर. हे कुठल्या रकान्यात लिहू?

ज्यांच्या कंपनीत सीएसआर आहे, जे कमिटीवर आहेत किंवा कमिटीवरच्यांना ओळखतात, त्यांनी एकदा विचारून बघा, आपण आरोग्यासाठी दिलेल्या पैशातून मागच्या वर्षी किती माणसांचं मानधन निघालं? आणि ज्यांच्या संस्थेला असंच उत्तर मिळालंय त्यांनी नियमाचा तो भाग मागा, मी पाठवते.

मी तासाभरापूर्वी मेल केला. मानधनाचा हेड तसाच ठेवलाय, 2 लाख 88 हजार. खाली नियम जोडलाय, आणि त्या श्रावणातल्या दिवसाचं मावशींच्या वहीतलं पान. पोरीचं नाव झाकून. दोन्ही वेळचं बीपी लिहिलेलं आहे, मध्ये "15 मिनटं थांबले" असं त्यांच्या अक्षरात.

हे टाइप करतानाच मावशींचा फोन येऊन गेला. मशीनचे सेल संपलेत, उद्या येताना चार आणा म्हणाल्या. मेलचं त्यांना काही सांगितलं नाही. सेल पिशवीत टाकून ठेवलेत.