पासवर्डसकट पुनर्जन्म

अमेरिकन टीव्हीवरच्या दुपारच्या मालिकेत कोणी मेलं तर लगेच सुतक धरू नये. थोडं थांबावं. माणूस दरीत कोसळलेला असो, बोटीच्या स्फोटात गेलेला असो, दफन होऊन रडारड संपलेली असो, वर्ष-दोन वर्षांत तो दार उघडून आत येतो, आणि नेमका बायकोच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी येतो. तरीही पटलं नाही तर त्याचा जुळा भाऊ येतो. 'वन लाइफ टू लिव्ह'मध्ये तर एका आयुष्यावर कोणाचंच भागलं नाही. विकी स्वर्गात जाऊन परत आली. क्लिंट १९८८ सालातून निघाला तो थेट १८८८ सालात पोचला, घोड्यावर बसला आणि परतही आला. पुढच्याच वर्षी जमिनीखाली इटर्ना नावाचं अख्खं शहर सापडलं. हे सगळं दुपारी, जेवणं झाल्यावर.

हे ज्ञान मला सासूबाईंकडून मिळालं. त्या नातवाला सांभाळायला न्यू जर्सीत आल्या आणि नातू दुपारी एक ते चार झोपायचा. एबीसी वाहिनीवर एकला 'ऑल माय चिल्ड्रन', दोनला 'वन लाइफ टू लिव्ह' आणि तीनला 'जनरल हॉस्पिटल' लागायचं. योग जुळून आला. पुढे नातू मोठा झाला, शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटलं, पण एक ते चारची झोप घरात कायम राहिली. फरक एवढाच की आता झोपायचं बाकीच्यांनी.

त्यांना ही दीक्षा डोंबिवलीतच मिळालेली होती. नव्वदीच्या सुरुवातीला केबल आली तेव्हा स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' लागायच्या. इंग्रजी निम्मं कळायचं. पण त्यातला नायक रिज आता कोणाच्या गळ्यात पडणार हे कळायला इंग्रजी लागत नाही, आणि न कळलेलं निम्मं शेजारच्या काकू स्वतःच्या मनाने भरून काढायच्या. १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'शांती' आली तेव्हा बाकीच्यांना रोजच्या मालिकेचं नवल वाटलं असेल. आमच्या सासूबाई तोवर तयार झाल्या होत्या.

न्यू जर्सीत त्यांचं दैवत म्हणजे एरिका केन. 'ऑल माय चिल्ड्रन'ची नायिका, खलनायिका, नवरी, सगळं तीच. जंगलात समोर आलेल्या अस्वलालाही तिने नुसतं खडसावून पळवलं होतं. ही भूमिका १९७० पासून सुझन लुची करत होत्या. टीव्हीवरच्या कामासाठी देतात त्या एमी पुरस्कारासाठी त्यांचं नाव अठरा वेळा गेलं आणि अठरा वेळा दुसऱ्याच कोणाला मिळालं. १९९९ मध्ये एकोणिसाव्या वेळी त्या जिंकल्या, तेव्हा आमच्याकडे रात्री शिरा झाला. मी प्रमोशनची बातमी आणली त्या दिवशी खिचडी होती, हे नमूद करून पुढे जातो.

माझं काम तेव्हा सोपं होतं. सासूबाई देवळात वगैरे गेल्या तर व्हीसीआर लावायचा आणि कॅसेटवर नाव लिहायचं. 'एरिका – लग्न' एवढं लिहून चालायचं नाही, कारण एरिका लग्नं करण्यात दहाच्या घरात पोचली होती. त्यामुळे नवऱ्याचं नाव आणि साल लिहावं लागे. त्यातही एकाच नवऱ्याशी दोनदा लग्न झालेलं असलं की कंसात 'पुन्हा'. २००० मध्ये सोपनेट नावाची वाहिनी केबलवर सुरू झाली. तिथे दुपारचा भाग त्याच दिवशी रात्री परत दाखवत, आणि माझी कॅसेटमधून सुटका झाली. पण दुपारी पाहिलेलं रात्री पुन्हा पाहायचं असतं हे मला माहीत नव्हतं. "दुपारी काय झालं ते बघितलं," सासूबाई म्हणाल्या, "आता कसं झालं ते बघायचंय."

'ऑल माय चिल्ड्रन' पेन्सिल्व्हेनियातल्या पाइन व्हॅली नावाच्या गावात घडते. गाव काल्पनिक. पण पेन्सिल्व्हेनिया आमच्या शेजारचंच राज्य, त्यामुळे कधीतरी जाऊन यायला काय हरकत आहे, असा एक प्रस्ताव बरीच वर्षं घरात पडून होता. गंमत म्हणजे खरी पाइन व्हॅली न्यू जर्सीतच होती (२०२२ मध्ये ती शेजारच्या गावात विलीन झाली) आणि तिथे एक जगप्रसिद्ध गोल्फ क्लब आहे. आम्ही गेलो. फाटकाबाहेर गाडी थांबवली. आत सभासदांशिवाय प्रवेश नाही. सासूबाईंनी फाटकाकडे नीट पाहिलं आणि समाधानाने म्हणाल्या, "श्रीमंत माणसं. सोडणार नाहीतच."

तर मालिकांचे दिवस भरत आल्याची लक्षणं आधीपासून होती. बायका नोकरीला लागल्या. दुपारी घरात टीव्हीसमोर कोण बसणार? १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूवरच्या खुनाच्या खटल्याने महिनोन्महिने दुपारच्या वेळा खाल्ल्या, आणि त्या काळात उठून गेलेले बरेच प्रेक्षक परत आलेच नाहीत असं म्हणतात. २००९ च्या सप्टेंबरमध्ये 'गायडिंग लाइट' बंद झाली. ही १९३७ साली रेडिओवर सुरू झालेली, बहात्तर वर्षांची मालिका. पुढच्या सप्टेंबरात 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' गेली. दोन्ही प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या. साबण विकण्यासाठी काढलेल्या मालिकांना सीबीएस वाहिनीने निरोप दिला. सासूबाईंनी वाहिनी वेगळी म्हणून फार मनाला लावून घेतलं नाही.

मग १४ एप्रिल २०११ उजाडला. एबीसीने 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' या दोन्ही मालिका बंद करत असल्याचं एकाच दिवशी जाहीर केलं. त्यांच्या जागी एक खाण्यापिण्याचा कार्यक्रम आणि एक वजन कमी करण्या-बिरण्याचा कार्यक्रम. म्हणजे आधी खा आणि मग उतरवा. घरात तीन दिवस पोळीला तूप नव्हतं. देशभर प्रेक्षक खवळले आणि व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने निषेध म्हणून एबीसीवरच्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या. सासूबाईंनी ही बातमी दोनदा वाचायला लावली आणि त्याच शनिवारी त्या कंपनीचा क्लीनर घरी आला. जुना चालू होता. "प्रश्न कचऱ्याचा नाही," असं मला सांगण्यात आलं.

एकीकडे 'ऑल माय चिल्ड्रन'मधला डॉ. डेव्हिड हेवर्ड शेवटच्या आठवड्यांत भलताच कामाला लागला होता. ज्यांना सगळे मेलेले समजत होते अशा माणसांना त्याने गुपचूप जिवंत ठेवलं होतं, आणि आता तो एकेकाला बाहेर काढत होता. डिक्सी आली, झॅक आला, स्टुअर्टही आला. सासूबाईंनी यावरून अनुमान काढलं की ज्या घरात असा डॉक्टर आहे ती मालिका मरणं शक्य नाही.

२३ सप्टेंबर २०११ रोजी शेवटचा भाग लागला. मोठ्या हवेलीत पार्टी, सगळं गाव जमलेलं, आणि भिंतीआड पिस्तूल घेऊन त्या घरचाच मुलगा जेआर. एरिका बोलता बोलता दाराकडे निघते, पडदा काळा होतो, गोळीचा आवाज येतो. संपलं. ऑफिसात माझा फोन वाजला. "अहो, केबल गेली वाटतं. नेमकी गोळी सुटली आणि गेली. जरा त्यांना फोन करता का?" आमच्या केबल कंपनीला मी फोन केला नाही. काय सांगणार होतो?

गोळी कोणाला लागली हे कळायला एकोणीस महिने गेले. प्रॉस्पेक्ट पार्क नावाच्या निर्मितीसंस्थेने दोन्ही मालिका इंटरनेटवर आणायचे हक्क जुलै २०११ मध्येच घेतले होते, मग 'जमत नाही' म्हणून हात वर केले, मग पुन्हा 'जमतंय' म्हणाले. प्रत्येक बातमीनंतर सासूबाई मला विचारायच्या, "मग आपण काय करायचं?" आपण म्हणजे मी. चित्रीकरण कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला सुरू झालं. ही जागा खरी होती आणि गाडीने सहज जाण्यासारखी होती, म्हणून मी घरात तिचा उल्लेखच केला नाही.

२९ एप्रिल २०१३ ला दोन्ही मालिका इंटरनेटवर, हुलू आणि आयट्यून्स या सेवांवर आल्या. मेलेल्या माणसाला परत यायला दार पुरतं. मेलेल्या मालिकेला ईमेल आयडी लागतो. सासूबाईंचं खातं उघडायला बसलो.

"पासवर्ड सांगा, आई."

"विठ्ठल."

"आठ अक्षरं पाहिजेत. एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह."

"विठ्ठलाला आकडा कशाला?"

शेवटी विठ्ठलापुढे अठ्ठावीस युगांचे अठ्ठावीस लावले आणि उद्गारचिन्ह दिलं. मग ओळख पटवणारा प्रश्न निघाला: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? "आम्ही चाळीत राहायचो," सासूबाई म्हणाल्या. "मांजर सगळ्यांचं होतं. प्रत्येक बिऱ्हाडात नाव वेगळं." दुसरा प्रश्न घेतला. पहिल्या गाडीचं मॉडेल. "बदलापूर फास्ट," त्या म्हणाल्या. तेच भरलं. आजवर कोणाला ते खातं फोडता आलेलं नाही.

लॅपटॉपमधून टीव्हीला वायर जोडली. चित्र टीव्हीवर आलं, आवाज लॅपटॉपमध्येच राहिला. माझी खटपट संपेपर्यंत दम निघेना म्हणून सासूबाई दोन्हींच्या मध्ये खुर्ची टाकून बसल्या: डोळे पुढे, कान मागे. जेआर कोमात होता. कथेत पाच वर्षं उलटली होती. गोळीने त्याच्या आधीच्या बायकोचा, मरिसाचा बळी घेतला होता. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि एकोणीस महिन्यांचा घोर त्या तीन शब्दांत मिटला. मग त्यांनी एरिकाची वाट पाहायला सुरुवात केली. सुझन लुची नव्या अवतारात आल्याच नाहीत. रोज भाग संपला की सासूबाई विचारायच्या, "लोड व्हायची राहिली असेल का ती?"

इंटरनेटवर भाग तासाचा अर्धा तास झाला होता. त्याबदल्यात तिथे वाहिन्यांचे नियम नाहीत म्हणून पात्रांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. सोळा वर्षांचा नातू, जो इतकी वर्षं आजीच्या मालिकांना हसायचा, तो अचानक शेजारी येऊन बसायला लागला. सासूबाईंना वाटलं, पोरगा वळणावर आला.

तीन आठवडे जेमतेम झाले आणि आठवड्याला चार भागांचे दोन झाले. कारण असं दिलं गेलं की प्रेक्षक आपल्या सवडीने, साठवून साठवून बघतात. इतके भाग त्यांना पुरे करता येत नाहीत. "कोणाला येत नाहीत?" सासूबाई भडकल्या. "माझ्याकडे अख्खी दुपार पडलीय. मला विचारलं का कोणी?" त्यांच्या वतीने मी एक कडक इंग्रजी पत्र लिहिलं. पहिला खर्डा त्यांनी नापास केला. त्यात 'कृपया' फार होतं.

जुलैत ओप्रा विनफ्रीच्या वाहिनीवर त्याच मालिका लागायला लागल्या. केबलवरून गेलेल्या, इंटरनेटवर जगलेल्या, पुन्हा केबलवर आल्या. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात कळलं की केबलवर दाखवतायत ते जुने भाग आणि इंटरनेटवर चाललेत ते पुढचे. म्हणजे सासूबाईंच्या एकाच डोक्यात जेआर मंगळवारी शुद्धीवर होता आणि बुधवारी कोमात. त्यांना काहीच अडचण आली नाही. मीच घोटाळ्यात पडून एकदा जेवताना चुकीच्या जेआरची चौकशी केली.

खरी मेजवानी होती ती कोर्टात. 'वन लाइफ टू लिव्ह'ची काही पात्रं मधल्या काळात एबीसीने 'जनरल हॉस्पिटल'मध्ये उसनी नेली होती. त्यांतल्या कोल आणि त्याची लहानगी होप या दोघांना तिथे गाडीच्या अपघातात मारून टाकलं. प्रॉस्पेक्ट पार्कने दावा ठोकला, अडीच कोटी डॉलरचा. सासूबाईंनी मला कायदा समजावून सांगितला: शेजारणीने वाटी उसनी नेली तर निदान रिकामी परत करावी, फोडून वर 'तुमची वाटी होतीच नाजूक' म्हणू नये. मी म्हटलं, तुमच्या मालिकांत मेलेला माणूस परत येतोच की, मग नुकसान कसलं? त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. एबीसीच्या वकिलांना हा मुद्दा सुचला होता की नाही कोण जाणे, मी मात्र तो पुन्हा घरात काढला नाही.

सप्टेंबर येता येता सगळंच थंडावलं. नव्या भागांचं चित्रीकरण थांबलं, २०१३ संपताना सोपनेट वाहिनीनेही डोळे मिटले, आणि पुढच्या वर्षी प्रॉस्पेक्ट पार्कने दिवाळखोरीचा अर्ज दिला. खातं मी बंद करणार होतो. "राहू दे," सासूबाई म्हणाल्या. एरिकाच्या जागी आलेला तो खाण्यापिण्याचा कार्यक्रम २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा त्यांनी अख्ख्या काळात पहिल्यांदाच एबीसीबद्दल बरा शब्द काढला. "ह्यांना साधी फोडणी येत नव्हती हो!"

तोवर त्या एनबीसीवरच्या 'डेज ऑफ अवर लाइव्ज'मध्ये रुळल्या होत्या. १९६५ पासून चाललेली, हिला काही होणार नाही अशी मालिका. १२ सप्टेंबर २०२२ पासून ती वाहिनीवरून उचलून थेट पीकॉक या ॲपवर नेली. बंद न होताच पुनर्जन्म, नवीनच प्रकार. मी निमूट चष्मा लावला, रिमोट घेतला, विठ्ठल, अठ्ठावीस, उद्गारचिन्ह. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि 'ॲपवर गेली' हे त्या 'पुण्याला बदली झाली' इतक्या सहज म्हणतात. डोंबिवलीच्या मैत्रिणींना फोनवर त्या सांगत होत्या, "काही कठीण नसतं गं, पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटं कोणाची ते सांगितलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत सीबीएसवर 'बियॉन्ड द गेट्स' ही कोरी दुपारची मालिका सुरू झाली. पाव शतकात दुपारी नवी मालिका काढायची हिंमत कोणी केली नव्हती. मला मनापासून आनंद झाला. साध्या वाहिनीवर, दुपारी दोन वाजता, ना खातं, ना पासवर्ड, ना पाळीव प्राणी. मी चॅनेल लावून दिलं, रिमोट त्यांच्या हातात ठेवला, चहा ठेवायला वळलो. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

"का हो, आई? चांगली नाही?"

"चांगली आहे की. पण आत्ताच जीव लावणार नाही मी. आधी बंद होऊ दे एकदा, परत आली की तुम्ही लावून द्या."