आचार्य आले होते का?

सोसायटीची नोटीस संध्याकाळी सातला लावायची होती. महाप्रसादाचा हिशेब: वर मराठीत, खाली तेच इंग्रजीत. अर्ध्या तासाचं काम म्हणून चारला बसलो. लागली साडेआठला!

कारण रविवारी कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि भाषा पुन्हा बसवायच्या राहिल्या. सेटिंग्जमध्ये मराठी टाकली तर कळफलक आला इनस्क्रिप्टचा. इनस्क्रिप्ट वाईट नाही हो. एच दाबलं की प, जे दाबलं की र, शिकलेली माणसं धडाधड टाइप करतात. पण मी शिकलेलो नाही! एम-आय ठोकून 'मी' लिहिणारा माणूस मी. म्हणून फोनेटिक घेतला. आता लिहायचंय 'आचाऱ्यांना पाच हजार दिले', तर हा पठ्ठ्या लिहितो 'आचार्यांना'. अरे, पैसे स्वयंपाक्यांना दिलेत, मठाला नाही! दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, हे मराठीला हिंदीचं शेपूट समजणाऱ्यांना कोण सांगणार? तो एक ऱ्य काढायला परत इनस्क्रिप्टवर जा: शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर य. आणि पुन्हा फोनेटिकवर या.

आणि भाषा बदलायच्या त्या ऑल्ट-शिफ्टचं तर नाव काढू नका. तीन कळफलकांपैकी कुठला चालू आहे ते चुकल्यावरच कळतं. मधेच बँकेचं एक काम करायला गेलो, तर पासवर्ड ठिपक्यांआड देवनागरीत गेला. तीनदा! खातं लॉक. ते उघडायला मोबाइल नंबर टाकला, ९ ने सुरू होणारा, तर फॉर्म म्हणतो 'फक्त अंक टाका'. मग देवनागरी ९ काय भाजी आहे?

म्हटलं जाऊ दे, गेल्या वर्षीच्या नोटिशीतच आकडे बदलू. ती कुठल्याशा जुन्या फॉन्टमधली. फॉन्ट फॉरमॅटमध्ये उडाला, त्यामुळे पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आणि प्रिंटवाल्याला अजून तसलीच फाइल हवी! "काका, युनिकोड नका देऊ, आमच्याकडे वेलांट्या फुटतात." अरे बाबा, युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी कॉम्प्युटरची एकच ठरलेली पद्धत; त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. तुझा जन्मही नसेल झाला तेव्हा!

शेवटी वैतागून फोनेटिकनं लिहिलेलं 'आचार्यांना' होतं तसंच छापलं. आता जिन्यात दोन आजोबा थांबवून विचारतायत, आचार्य कधी येऊन गेले, आम्हाला दर्शनाला का नाही बोलावलं?